गाडी चार महिने उभी राहणार असेल तर पेट्रोलचं काय करायचं

आपल्याकडं गाडी उभी राहण्याचा सीझन ठरलेलाच आहे. मिरगाचा पाऊस लागला की जांबोटी, कणकुंबी, लोंढा भागात बाईक बाहेर काढायला कोण जात नाही, फौजेतली पोरं सुट्टी संपवून निघून गेलेली असतात, पुण्या-मुंबईला नाहीतर गोव्यात कामाला असलेली माणसं गाडी गावात ठेवून जातात आणि ती थेट गणपतीला, नाहीतर दिवाळीलाच तिला परत हात लावतात. मग गणपतीच्या आदल्या दिवशी बेळगाव म्हणा, खानापूर म्हणा, निपाणी म्हणा, सगळ्या गॅरेजसमोर तीच गर्दी. किक मारून मारून पाय गेला तरी गाडी चालू होत नाही, आणि मेकॅनिक म्हणतोय कार्बोरेटर खोलायला लागतंय, दोन दिवसांनी या. बहुतेक वेळा इंजिनला काहीच झालेलं नसतं बघा. पेट्रोल शिळं झालेलं असतं नाहीतर त्यात पाणी गेलेलं असतं. दोन्ही टाळता येतं, निघायच्या आदल्या दिवशी अर्धा-पाऊण तास काढला की झालं, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय.

आधी एक सांगतो. गाडी तीन-चार आठवडेच थांबणार असेल तर यातलं काही करत बसू नका, पेट्रोलचा कॉक बंद करा, छपराखाली लावा, जाऊन या. खाली लिहिलंय ते दोन-तीन महिन्याच्या वर गाडी थांबणार असेल त्यांच्यासाठी.

पेट्रोल खराब होतं म्हणजे नेमकं काय होतं ते थोडक्यात बघू, कारण ते कळलं की पुढचं आपोआप समजतंय. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, त्यात हलके-जड असे शेकडो घटक मिसळलेले असतात. त्यातले हलके आधी उडून जातात, आणि थंड इंजिन चालू व्हायला नेमके तेच लागतात. म्हणून टाकी भरलेली दिसते, प्लगला स्पार्क पण येतोय, तरी गाडी पकडत नाही. दुसरं म्हणजे हवा लागून लागून पेट्रोलमधे चिकट डिंकासारखा थर तयार होतो, वास पण बदलतो, ताज्या पेट्रोलसारखा झणझणीत न राहता वार्निशसारखा आंबूस येतो. आता हा थर टाकीत थोडाफार बसला तर लगेच काही बिघडत नाही, पण कार्बोरेटरमधल्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) पायलट जेटचं, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक नळीचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पण बारीक असतं, तिथं जरासा बसला तरी पुरे.

इथं लोक नेमके उलटं करतात. टाकीत दहा लिटर आहे त्याची काळजी, आणि कार्बोरेटरच्या खालच्या चेंबरमधे जे कपभर पण नसतं त्याकडं कोण बघत नाही. पण आधी खराब होतं ते तेच. थोडंसं असतं, चेंबरला हवेचं तोंड असतं, त्यामुळं टाकीतलं पेट्रोल अजून चांगलं असतानाच चेंबरमधलं वाळून, चिकट होऊन बसलेलं असतं. जुन्या गाडीवाल्यांनी या सगळ्यातलं एकच काम करायचं म्हटलं तर चेंबर रिकामं करून जा, बाकी सोडून दिलं तरी चालेल.

आता पाण्याचा विषय, आणि आपल्या भागात हाच मोठा. पंपावर आता जे पेट्रोल मिळतंय त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. फेब्रुवारी २०२३ मधे बेंगळूरला ई२० पेट्रोल चालू केलं, आधी २०३० चं टार्गेट होतं ते अलीकडं ओढून २०२५-२६ केलं, त्यामुळं आता जवळपास सगळीकडं तेच. आणि हे इथेनॉल येतंय कुठून तर धान्याबरोबर उसातून पण, आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत पण ते बनतं, म्हणजे चिकोडी-हुक्केरीकडचा ऊस फिरून आपल्याच टाकीत येऊन बसतोय म्हणायला हरकत नाही. इथेनॉलला शिव्या घालायचा उद्योग मी करणार नाही, तो करायला बाकी लोक आहेत. पण त्याचा एक गुण लक्षात ठेवायला लागतोय, ते पाणी ओढतं. साध्या पेट्रोलमधे पाणी मिसळतच नाही, थेंब थेंब होऊन तळाला बसतं. इथेनॉलवालं पेट्रोल थोडं पाणी स्वतःत मुरवून घेतं, आणि तेवढं असलं तर गाडी ते जाळून पण टाकते, कळत पण नाही. पण त्याची एक हद्द आहे. १० टक्के इथेनॉल असलं तर साधारण अर्धा टक्का पाणी, म्हणजे दहा लिटरला ५० मिली. ई२० त्यापेक्षा थोडं जास्त झेलतं. हद्द ओलांडली की पाणी इथेनॉलला पण बरोबर घेऊन खाली बसतं, वर हलकं पेट्रोल आणि खाली पाणी-इथेनॉलचा थर, असे दोन भाग होतात. कॉक असू दे नाहीतर एफआय (फ्युएल इंजेक्शन, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीचा पंप, दोघंही तळातूनच ओढतात. म्हणजे इंजिनला पहिल्यांदा तेच पाणी जाणार. पत्र्याच्या टाकीला गंज पण तिथूनच लागतो. आणि एकदा असं फुटलेलं पेट्रोल कुठलंही औषध घालून परत एक होत नाही, ते काढूनच टाकायला लागतं.

नुसत्या दमट हवेनं झाकण लावलेल्या टाकीत एवढं पाणी पटकन जमत नाही. ते जातं झाकणातून. अंगणात गाडी, वर धो धो पाऊस, आणि झाकणाभोवती जी खोलगट जागा असते तिथं पाणी साचून राहिलेलं. टाकीत सपाट बसणारं झाकण असलेल्या गाड्यांना त्या खोलगट जागेत एक बारीक भोक असतं, त्यातून पाणी टाकीच्या आतून जाणाऱ्या नळीवाटे खाली इंजिनजवळ पडायला पाहिजे. ते भोक धुळीनं, चिखलानं बुजलेलं असतं हे दहातल्या सात जणांना माहीत नसतं. कधी कधी तर कुंभारमाशी खालच्या बाजूनं त्या नळीत मातीचं घर करून बसते, वरून बघून काही कळत नाही. भोक बुजलं की पाण्याला जायला वाटच नाही, मग ते रबरी वॉशरच्या फटीतून हळूहळू टाकीत उतरतं.

तपासायचं सोपं आहे. झाकण उघडा, टाकीच्या तोंडात स्वच्छ फडकं नीट कोंबा, आत पाणी जाता कामा नये, आणि सुई काढलेल्या सिरिंजनं त्या बारीक भोकात थोडं पाणी सोडा. खाली इंजिनच्या बाजूला नळीतून थेंब पडले की वाट मोकळी आहे. नाही पडले तर खालची नळी शोधून सायकलच्या पंपानं हवा मारा किंवा गाडीच्या ब्रेकची जुनी बारीक तार हळू घाला. जोर लावू नका, नळी आत निसटली तर टाकी उतरवायला लागेल. जुन्या स्प्लेंडर, सीडी हंड्रेडसारख्या गाड्यांना वेगळं झाकण असतं, तिथं झाकणातच हवा जायचं भोक असतं, ते पण मोकळं पाहिजे, नाहीतर गाडी चालू होऊन थोडं अंतर गेली की पेट्रोल उतरायचं थांबतं आणि बंद पडते. झाकणाचं रबरी वॉशर बोटानं दाबून बघा, कडक झालंय, चिरा पडल्यात, तर नवीन घाला. फार खर्चाची वस्तू नाही, कुठल्याही स्पेअरच्या दुकानात गाडीचं मॉडेल सांगितलं की देतात.

मग टाकी फुल ठेवायची की रिकामी, यावरून चहाच्या टपरीवर भांडणं लागतात. माझं मत असं आहे. चार-सहा महिन्यांपर्यंत असेल तर फुल. टाकीत मोकळी जागा जेवढी जास्त तेवढी हवा जास्त, दिवसा तापली रात्री गार झाली की आतल्या पत्र्याला दव धरतं, तो पत्रा उघडा असला की गंजतो. फुल टाकीत पत्रा पेट्रोलखाली झाकलेला राहतो आणि हलका भाग उडायला पण जागा कमी. पण फुल म्हणजे अगदी गळ्यापर्यंत नाही. दहा लिटर पेट्रोल २० डिग्रीनं तापलं तर जवळजवळ २०० मिली फुगतं, ते कुठं तरी जाणारच. गळ्याच्या खाली दोन बोटं सोडा. बीएस ६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांना तर पेट्रोलची वाफ धरायला कोळशाचा डबा दिलेला असतो, टाकी उतू जाईपर्यंत भरली की पेट्रोल त्यात जातं आणि तो डबा वाया जातो.

वर्षभर किंवा त्याच्या वर गाडी थांबणार असेल, दुबई-मस्कतला जाणारे वगैरे, आणि गाडी कार्बोरेटरची असेल तर उलटं, टाकी पूर्ण रिकामी करा, उन्हात झाकण उघडं टाकून वास जाईपर्यंत वाळवा, मग आत थोडं टू-टीचं (टू-स्ट्रोक गाडीत घालतात ते) ऑइल घालून टाकी सगळीकडून फिरवून पत्र्याला आतून तेलाचा हात बसवा, आणि झाकण लावून टाका. परत आल्यावर थोडं पेट्रोल घालून खळबळून काढलं की टाकी स्वच्छ. हे उन्हाळ्यातच होतं, जूनमधे टाकी वाळवायला गेलात तर पत्रा आणखी ओला करून ठेवाल. एफआय गाडी एवढे दिवस ठेवायची असेल तर तिचं स्वतः काही करू नका, पंप टाकीतच असतो, सर्व्हिस सेंटरला विचारून करून घ्या.

पेट्रोल कुठलं भरायचं? ताजं. एवढंच. हायवेवरच्या चालत्या पंपावर माल रोज रिकामा होतो, तिथं भरा, आडवाटेच्या पंपावर दोन आठवडे पडून राहिलेलं नको. भर पावसात टँकर खाली होत असताना तर नकोच. शंका आली तर फिल्टर पेपर टेस्ट आणि डेन्सिटी दाखवा म्हणून सांगायचा आपल्याला हक्क आहे, आणि पंपवाल्याकडं जमिनीखालच्या टाकीत पाणी आहे का ते बघायची पेस्ट पण असते, काठीला लावून बुडवतात आणि रंग बदलतो. लाजू नका, विचारा. गोव्यात स्वस्त मिळतं म्हणून चोर्ल्यातून येताना टाकी भरून आणणारे भरपूर आहेत आपल्यात, चालतंय की, फक्त तेच पेट्रोल महिनाभर फिरवून उरलेलं चार महिने ठेवू नका, ठेवायचं ते भरल्या भरल्या. आणि प्रीमियम पेट्रोल टाकलं की जास्त दिवस टिकतं असं समजू नका, ऑक्टेन जास्त असणं आणि पेट्रोल ताजं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डांबरगोळ्या टाकीत टाकायची जी पद्धत आहे ती पण सोडा. पेट्रोल त्यानं टिकत नाही. रॉकेल मिसळणं तर सरळ इंजिनची वाट लावणं.

स्टॅबिलायझर म्हणून बाटली मिळते, ऑनलाइन मिळते, बेळगावात ऑइल-ॲक्सेसरीजच्या मोठ्या दुकानात विचारलं तर मागवून पण देतात. त्याचं काम एवढंच की हवेनं जो चिकट थर धरतो तो धरायला उशीर लावायचा. जुनं पेट्रोल परत नवं करायचं काम ते करत नाही, पाणी पण काढत नाही, त्यामुळं ते शिळ्या पेट्रोलमधे ओतणं म्हणजे पैसे वाया. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं तेवढंच घ्या, डबल घातलं तर डबल दिवस टिकत नाही. आधी औषध टाकीत, वरून पेट्रोल, म्हणजे धारेनं नीट मिसळतं. मग गाडी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणा, नाहीतर औषधवालं पेट्रोल टाकीतच राहतं आणि इंजेक्टरपर्यंत जुनंच. तीन महिन्याच्या आत परत येणार असाल तर हा खर्च करायची गरज नाही असं मला वाटतं. त्याच्या वर असेल आणि गाडी एफआय असेल तर जरूर घाला.

कार्बोरेटरवाल्या गाडीचं आता सांगतो. म्हणजे २०२० च्या आधीच्या बहुतेक शंभर-दीडशे सीसी गाड्या, आरएक्स हंड्रेड, जुन्या स्प्लेंडर, शाईन, पल्सर, जुनी बुलेट. टाकी भरून, गाडी गरम करून घरी आणलीत की डबल स्टँडवर लावा, उघड्यावर लावा, सोप्यात नको. पेट्रोलचा कॉक ऑफ करा. ऑन आणि रिझर्व्ह सगळ्यांना माहीत असतं, ऑफ कुठं ते विसरलेले असतात, कॉकवर लिहिलेलं असतं बघा. मग गाडी चालूच ठेवा. चेंबरमधलं पेट्रोल संपेपर्यंत ती चालेल, थोड्या वेळानं आचके द्यायला लागेल, तेव्हा चोक ओढा म्हणजे राहिलेलं पण ओढून घेते, आणि बंद पडेल. झालं असं वाटतं पण झालेलं नसतं, कारण जेटच्या पातळीखाली तळाला थोडं राहतंच, आणि नेमकं तेच वाळून चिकट होतं. चेंबरच्या तळाला किंवा बाजूला एक ड्रेन स्क्रू असतो, त्याखाली वाटी धरा, स्क्रू एक-दोन आटे सैल करा, पूर्ण काढू नका. खालच्या नळीतून राहिलेलं पडेल. त्यात पाण्याचे गोल थेंब किंवा लालसर कचरा दिसला तर समजा टाकीतच काही तरी आहे, तेव्हा कॉक क्षणभर ऑन करून अजून थोडं काढून बघा. स्क्रू परत लावताना ताकद दाखवू नका, कार्बोरेटरची बॉडी मऊ धातूची असते, आटे गेले तर नवीन बॉडीच. इंजिन गरम असतं, त्यामुळं हा ड्रेनचा भाग ते पूर्ण गार झाल्यावर करा, गरम सायलेन्सरवर पेट्रोल पडायला नको. बिडी-सिगरेट लांब, मोबाइलच्या टॉर्चवर काम करा, काडी पेटवून बघणारे अजून पण आहेत म्हणून लिहितोय.

जुन्या कार्बोरेटरवाल्या स्कूटरला बऱ्याचदा हातानं फिरवायचा कॉकच नसतो, इंजिन चालू असेल तेव्हाच तो आपोआप उघडतो. तिथं सरळ ड्रेन स्क्रूच.

कॉक ऑफ ठेवायचं अजून एक कारण आहे. चेंबरमधे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची एक सुई असते, ती कचऱ्यानं अडकून उघडी राहिली आणि कॉक ऑन असला तर टाकीतलं सगळं पेट्रोल हळूहळू खाली. कधी जमिनीवर, ते दिसतं तरी. कधी सिलिंडरमधून इंजिन ऑइलमधे, ते दिसत नाही. पेट्रोल मिसळलेलं ऑइल पाण्यासारखं पातळ होतं आणि तशीच गाडी चालवली तर इंजिन जाम. त्यासाठी परत आल्यावर पहिल्यांदा ऑइलची काडी काढून बघायची. लेव्हल वाढलेली दिसली, पेट्रोलचा वास आला, तर किक मारू नका, ऑइल बदला. आणि जाताना कॉक बंद करताना टाकीपासून कार्बोरेटरला येणारी रबरी नळी बघून घ्या. एप्रिल २०२३ नंतर आलेल्या गाड्यांचे पार्ट ई२० सोसतील असे दिलेले आहेत, त्याच्या आधीच्या जुन्या गाड्यांची रबरं फुगतात, चिरतात. नळी वाकवल्यावर चिरा दिसल्या तर जायच्या आधीच बदला.

एफआय गाडी, म्हणजे २०२० पासूनच्या बीएस ६ बहुतेक सगळ्या, तिला यातलं चेंबर-कॉक काही नाही. तिथं एकच नियम, टाकी कोरडी पडू द्यायची नाही. पंप टाकीत पेट्रोलमधे बुडालेला असतो, त्यातूनच तो गार राहतो, त्यातूनच त्याला वंगण मिळतं. त्यामुळं कार्बोरेटरचं बघून कोणी एफआय गाडी पेट्रोल संपेपर्यंत चालवत असेल तर थांबवा त्याला, पंपाची किंमत ऐकून डोकं फिरेल. ताजं पेट्रोल, वर दोन बोटं जागा, स्टॅबिलायझर घालून थोडी फिरवून आणलेली, बास. फक्त या गाड्यांना बॅटरी उतरली की पेट्रोल कितीही ताजं असलं तरी काही उपयोग नाही, त्यामुळं बॅटरीची मायनसची वायर सोडून ठेवा.

लावायची कुठं? छपराखाली, जमलं तर गोठ्यात नको कारण तिथं कायम ओल. आपल्या जुन्या घरांत सोप्यात गाडी लावायची सवय आहे आणि पलीकडंच न्हाणी, न्हाणीत पाणी तापवायची चूल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, वर न जाता जमिनीलगत सरपटत लांबपर्यंत जाते. भरलेली टाकी आणि विस्तव एकाच छपराखाली भिंतीच्या आडोशानं पण ठेवू नका, मधे दार बंद असलं तरी. वर पांघरायला प्लॅस्टिकची ताडपत्री गच्च बांधू नका, आत घाम धरतो, सुती चादर किंवा गाडीचं हवा खेळणारं कव्हर चालतं. अंगणातच ठेवायची वेळ आली तर निदान टाकीवर एक प्लॅस्टिक सैल टाकून झाकणावर थेट पाणी पडणार नाही असं बघा, आणि साइड स्टँडपेक्षा डबल स्टँड बरा, गाडी सरळ राहते म्हणजे झाकणाजवळचं पाणी पण त्या भोकाकडं नीट जातं.

आणि आता घरच्यांना सांगायची गोष्ट. तुम्ही गेलात की आबा नाहीतर धाकटा भाऊ दर रविवारी प्रेमानं गाडी चालू करून पाच मिनिटं ठेवणार, बंद करणार. त्यांना हात जोडून सांगा, नका करू. कार्बोरेटरची गाडी असेल तर तुम्ही एवढं करून रिकामं केलेलं चेंबर ते परत भरून ठेवतात. शिवाय एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, सायलेन्सर चांगला तापला तर ते उडून जातं, पाच मिनिटांत तापतच नाही, मग ते आतच राहून सायलेन्सर आतून गंजतो, थोडं ऑइलमधे पण जातं. सेल्फ मारताना बॅटरीतलं जेवढं गेलं तेवढं पण पाच मिनिटांत परत भरत नाही. खरंच कोण चालवणार असेल तर पाऊस उघडल्यावर दहा-पंधरा किलोमीटर नीट फिरवून आणू दे, भाजी आणायला, शेताकडं, कुठंही. मग पेट्रोल पण वापरलं जातं, नवीन भरता येतं, आणि हे सगळं वरचं करायची गरजच राहत नाही. तो सगळ्यात चांगला उपाय आहे, फक्त भावाला गाडी देताना जिवावर येतं तो भाग वेगळा.

परत आल्यावर घाई करू नका. आधी झाकण उघडून वास घ्या. ताज्यासारखा झणझणीत वास असेल तर निम्मी काळजी मिटली. आंबूस, वार्निशसारखा असेल तर ते पेट्रोल तसंच इंजिनला दाखवू नका. कार्बोरेटरच्या गाडीत नळी कॉकपासून सोडून थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं हलवू नका. तळाला वेगळा थर दिसला किंवा सगळं दुधाळ-धुरकट दिसलं तर पाणी आहे, पूर्ण टाकी काढायची. बाटली स्वच्छ, रंग फार काळपट नाही, वास ठीक, मग दोन लिटर ताजं वर घाला आणि चालू करा. चालू करताना आधी स्विच बंद ठेवून चार-पाच हळू किका मारा म्हणजे ऑइल फिरतं, मग कॉक ऑन करून मिनिटभर थांबा, चेंबर भरायला वेळ लागतो, मग चोक ओढून किक. चेंबर रिकामं करून गेला असाल तर दुसऱ्या-तिसऱ्या किकेला पकडते. एफआय गाडीत किल्ली ऑन केली की पंपाचा बारीक आवाज येतो, तो थांबू दे, किल्ली बंद करून परत ऑन करा, असं दोनदा केलं की लाइनमधे प्रेशर येतं, मग सेल्फ. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांच्या वर दाबून धरू नका.

टाकी रिकामी करायची वेळ आलीच तर तोंडानं नळी ओढू नका. हे आपल्याकडं सगळे करतात आणि सगळे म्हणतात काही होत नाही. पोटात गेलं त्यापेक्षा फुफ्फुसात गेलेला एक घोट जास्त वाईट, त्यानं न्यूमोनियासारखं होतं, श्वास अडकतो. कोणाच्या पोटात गेलंच तर उलटी काढायला लावू नका, उलटीतून तेच परत छातीत जातं, सरळ दवाखाना. हातानं दाबायचा साधा प्लॅस्टिकचा पंप मिळतो तो आणा.

काढलेलं शिळं पेट्रोल पाण्याच्या बाटलीत भरून माडीवर ठेवू नका, उन्हानं बाटली फुगते, आणि घरात लहान पोरं असली तर पाणी समजून तोंडाला लावतात. गटारीत, विहिरीच्या बाजूला, वाळवीला म्हणून भिंतीच्या पायात ओतू नका. कचरा पेटवायला तर अजिबात नको, वाफ आधी पेटते आणि माणसाला नंतर कळतं. नुसतं शिळं असेल, पाणी नसेल, तर ताज्या चार-पाच लिटरला एक लिटर असं मिसळून जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत हळूहळू संपवता येतं, एफआय गाडीत नको. पाणी झालेलं असेल तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून ओळखीच्या गॅरेजवाल्याला देऊन टाका, पार्ट धुवायला त्यांना लागतं, वर तो चेंबर साफ करायचे पैसे थोडे कमी घेतो का ते पण विचारून बघा.